‘काहून रे’ कोणाला म्हणाली?

गजभियेजींच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात एक पितळी कडं असायचं. बांगडीपेक्षा लहान, अंगठीपेक्षा मोठं, आतून गुळगुळीत. जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासनीस होते. तिथे असल्या कड्यांतून माल घालून बघायचा आणि पास की रिजेक्ट ते खडूने लिहायचं, एवढंच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर काम सुटलं, हात काही स्वस्थ बसेना. मग त्यांनी गोहलपुरातल्या एका लेथवाल्याकडून हे कडं मुद्दाम घडवून घेतलं आणि त्यावर लिंबं तपासायला लागले. कड्यातून आरपार निघालं ते लिंबू रिजेक्ट.

भाजीवाला कावायचा. म्हणायचा, “साहब, नींबू है, तोप का गोला नहीं है.”

“गोला होता तो अब तक तीन बार नापता,” गजभियेजी म्हणायचे आणि पुढचं लिंबू उचलायचे.

मी मूळची साताऱ्याची. जबलपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले आणि राइट टाउनमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला गेले, तेव्हा लिंबांच्या आधी माझी तपासणी झाली. त्यांनी मला व्हरांड्यातल्या मोड्यावर, म्हणजे बुटक्या वेताच्या बैठकीवर, बसवलं, पाणीही दिलं, आणि विचारलं, “साताऱ्याले कॉलेजं नाई का?”

“आहेत की.”

“मंग इथी काहून आले?”

मी म्हटलं, नोकरी मिळाली म्हणून. “तिकडं काहून नाई मिळाली?” मी म्हटलं, तिकडे जागा निघाली नाही. “एकटेच काहून राहता?” इथे मी उठणारच होते. गच्चीवर कुंड्यांना भरपूर ऊन होतं म्हणून राग गिळला आणि राहिले. सहा वर्षं राहिले.

आमच्याकडे ‘का’ म्हणतात, ते एका अक्षरात आटपतं. त्यांचं ‘काहून’ आटपायचं नाही. त्यातला ‘हू’ ते असा लांबवायचे की ज्याने काहीच केलेलं नाही त्यालाही आपण काय केलं ते आठवावंसं वाटे. कारखान्यात सगळे त्यांना मागून ‘काहून साहब’ म्हणायचे. ते त्यांना माहीत होतं. कोण कोण म्हणायचं, त्याची यादीही त्यांच्याकडे होती.

व्हरांड्यातली त्यांची वेताची खुर्ची कायम फाटकाकडे तोंड करून. फाटक वाजलं की मान वळलीच. कुरियरवाला असो, मांजर असो. फाटकाची कडी त्यांच्याशिवाय कोणी लावायची नाही. आपण लावली तरी ते चपला घालून येणार, कडी काढणार, पुन्हा लावणार आणि तीनदा ओढून बघणार. मला त्या तीन खडखडाटांचा इतका संताप यायचा की पहिलं वर्षभर मी मुद्दाम दिवसातून दोनदा जास्त बाहेर जायची.

घरात त्यांची मुलगी होती, संघमित्रा. घरात मितू. मितू नऊ वर्षांची असताना तिची आई गेली, आणि त्यानंतर बाप आणि लेक दोघांनीच तो खालचा मजला सांभाळला. मी गेले तेव्हा ती पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होती. ते मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. जबलपूरच्या मराठी घरांत हे नवीन नाही. मुलांना मराठी सगळी कळते, बोलायचं म्हटलं की जीभ हिंदीकडे वळते. पण या दोघांचं वरून ऐकताना मला उलटतपासणी दुभाष्याविना चालल्यासारखी वाटायची.

“काहून उशीर झाला?”

“ट्रैफिक था, बाबा.”

“गेटापाशी कोण उभं होतं?”

“सहेली थी.”

“पँट घातलेली?”

“सहेलियाँ भी पहनती हैं, बाबा.”

एकदा तिच्या वर्गाची सहल तिलवाऱ्याला नर्मदेवर गेली. गजभियेजी स्कूटरवरून मागोमाग गेले आणि एका झाडाआड उभं राहून साडेतीन तास पाहत राहिले. हे त्यांनीच मला सांगितलं. लपवावं असं त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. “तपासणी सांगून होत नसते, मॅडम. सांगितलं का माल चमकवून ठेवतेत.” परत निघाले तर स्कूटरच्या सीटवर कागदात बांधलेलं गक्कड-भरता, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत. अजून गरम. वर मितूच्या अक्षरात लिहिलेलं, ‘भूखे मत रहना.’

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“वास घेऊन पाह्यला. मंग खाल्लं.”

शिक्षण संपल्यावर मितूने वर्षभर जबलपुरातच कुत्र्या-मांजरांना सुया टोचल्या, आणि एक दिवस तिला युगांडात नोकरी लागली. शिकारी चिंपांझीच्या आयांना मारतात आणि पिल्लं विकायला नेतात. पकडली गेलेली अशी पिल्लं सांभाळायचं एक अभयारण्य होतं, एका मोठ्या सरोवराकाठच्या जंगलात. गजभियेजींनी पत्र तीनदा वाचलं, उजेडात धरलं, मग मला वाचायला दिलं.

“माकडाच्या लेकराइले सांभाळाचा कोणी पगार देते का, मॅडम? तुम्हीच सांगा.”

मितू गेली. कशी गेली ते मला नीटसं माहीत नाही. दोन दिवस खाली आवाज नव्हता आणि तिसऱ्या दिवशी रिक्षात तिची पेटी होती. त्यांनी फाटकाची कडी लावली आणि तीनदा ओढली. त्या दिवशी मला राग आला नाही.

त्यानंतर तपासणी फोनवर सुरू झाली. रोज संध्याकाळी सातला ती व्हिडिओवर दिसायची आणि ते हुकूम सोडायचे: “फोन डाव्या अंगाले फिरव. आता उजव्या. आता मांगं.” मागे नेहमी झाडं. ते पडद्याचे फोटो काढून वर घेऊन यायचे.

“मॅडम, हे पान कशाचं?”

“आंब्याचं दिसतंय.”

“आंबा!” त्यांचे डोळे बारीक झाले. “मंग हे इथलंच कुठी तरी असन. नरसिंहपूर साइडले.”

“अहो, आंबा युगांडातही होतो.”

“तुम्ही पाह्यला?”

मी पाहिलेला नव्हता. तेव्हा त्यांनी फाइलमध्ये काय लिहिलं असेल ते मी विचारलं नाही. हो, फाइल होती. निळ्या पुठ्ठ्याची, कारखान्यासारखी, अनुक्रमांकासकट. आणि एकदा का आपण कोणाच्या संशयात भागीदार झालो की डोळे आपलेही बिघडतात. मीही मितूच्या मागची पानं बघायला लागले. एकदा एक पान मला आपल्याकडच्या कण्हेरीचं वाटलं, आणि मी दोन दिवस तेच धरून बसले.

मग तो फोन आला.

मी खाली परड्यातला कढीपत्ता घ्यायला गेले होते, म्हणून मीही ऐकलं. मितू नेहमीप्रमाणे हिंदीत बोलत होती. बाबा दवाई ली क्या, बाबा चश्मा बदल लो. मध्येच तिने मान वळवली आणि पडद्याबाहेर कोणाला तरी म्हणाली, “काहून रे? थांब नं थोडं. काय पायजे तुले?” आणि पलीकडून हसण्याचा आवाज आला. खोल, धापा टाकल्यासारखा. लगेच ती म्हणाली, “बाबा, नेटवर्क जा रहा है,” आणि फोन बंद झाला.

गजभियेजी फोनकडे पाहत राहिले.

“मराठी,” ते म्हणाले. “ऐकलं तुम्ही? मराठी बोलली.”

“हो.”

“माह्याशी लहानपणापासून हिंदी बोलते. अन् तिथी मराठी कोणाशी बोलून राहिली?”

फाइलमध्ये त्या दिवशी नोंद झाली, ती मी पुढे विमानात वाचली: ‘पुरुष. आवाज जाड. हसतो. मराठी समजते. काहून म्हटलं तर समजते, म्हणजे नागपूर साइडचा. वेळ ७.१०.’

तिथून सात महिने त्यांनी त्या माणसाचा माग काढला. मितूच्या वर्गातली नागपूर, भंडारा, गोंदियाकडची सगळी मुलं शोधली. त्यांतला कोण परदेशी गेला, कोणाचं लग्न झालं नाही. एकाच्या घरी तर विमा एजंट म्हणून जाऊन आले. काही हाती लागलं नाही आणि तेच त्यांना जास्त संशयास्पद वाटलं. मितूला सरळ विचारा, असं मी सुचवलं.

“विचारलं तर खोटं सांगन. मंग खोटं सांगितलं हे बी लिहावं लागन.”

पण खरं कारण ते नव्हतं. एकदा पायऱ्यांवर बसून त्यांनीच सांगून टाकलं. “तो माणूस असला तर असू दे, मॅडम. लग्न बी करू दे. पण त्याच्याशी मराठी बोलते नं. ते माह्याशी काहून नाई?” आणि चटकन उठून फाटकाची कडी बघायला गेले. मला भरून आलं, आणि त्यांचा रागही आला. हेच वाक्य फोनवर म्हटलं असतं तर सात महिने वाचले असते.

याच सुमाराला मी आफ्रिकेच्या सहलीला नाव नोंदवलं. नागपूरचा एक गट, अकरा जण. आधी केनियाची गवताळ रानं आणि शेवटी दोन दिवस युगांडात चिंपांझी. सहलीच्या कागदांचं पाकीट टपालाने आलं ते उघडंच माझ्या हातात पडलं.

“उघडंच होतं,” गजभियेजी म्हणाले. “यातलं शेवटचं ठिकाण आपल्या मितूचं आहे. मी बी चलतो. तिले सांगू नका.”

ते बारावे झाले. पिवळ्या तापाची लस टोचून घेताना त्यांनी बाटलीवरचा क्रमांक लिहून घेतला. निघायच्या आदल्या दिवशी खिशातून त्यांनी दोन परतीची तिकिटं काढून दाखवली. एक त्यांचं. दुसरं संघमित्रा गजभिये. तिच्या पासपोर्टची झेरॉक्स त्यांच्या फाइलमध्ये होतीच.

“तिथलं सगळं पास झालं तर राहीन ती तिथी. नाई तर घेऊनच येतो.”

“ती यायला तयार झाली नाही तर?”

“मंग मले पोरगी नाई, असं समजतो.”

ते हे अगदी साध्या आवाजात बोलले. मी त्या रात्री मितूला लिहायला फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा लिहिलेलं पुसलं. सांगितलं तर ती सावध होणार, आणि यांचा तिच्यावरचा उरलासुरला विश्वासही जाणार. नाही सांगितलं तर मी कोण? मीही त्या झाडाआड उभी असल्यासारखीच होते.

केनियात त्यांचं कशातही लक्ष नव्हतं. आमची जीप सिंहापासून वीस पावलांवर थांबली, गटातल्या बायकांनी तोंडावर हात धरले. गजभियेजी सिंहाकडे निरखून म्हणाले, “खाऊ घालून बसवला असन.” हत्ती दिसले तेव्हा ते जीपच्या दाराची कडी तपासत होते.

अभयारण्यात आम्ही दुपारी पोचलो. तोंडावर मास्क लावायला दिले, कारण आपली सर्दीसुद्धा चिंपांझीला बाधते. गजभियेजींनी तो खुशीने लावला. तपासणीला आलेल्या माणसाला असं झाकलेलं तोंड बरंच. मग आम्हाला लाकडी माचावर उभं केलं. समोर तारेचं कुंपण, पलीकडे दाट जंगल. इथे दिवसाकाठी ठरल्या वेळी फळं टाकतात आणि चिंपांझी झाडांतून बाहेर येतात.

गजभियेजी जंगलाकडे पाठ करून कामगारांचे चेहरे बघत होते. हिरव्या कपड्यातली सात-आठ माणसं होती, सगळी तिथलीच. “नागपूरचा एक बी नाई,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “आतमंधी लपवला असन.”

जोसेफ नावाचा एक पोक्त कामगार टोपली घेऊन पुढे आला. त्याने एकेका जनावराला नावाने हाक मारायला सुरुवात केली आणि झाडं हलायला लागली. एक मोठा नर आला, दोन माद्या आल्या, पिल्लं आली. टोपली संपत आली. तरी जोसेफ थांबला. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जंगलाकडे तोंड करून ओरडला,

“काहूऽऽन! काहूऽऽन!”

‘हू’ तसाच लांब. नागपूरसारखा. राइट टाउनच्या व्हरांड्यासारखा.

गजभियेजी गर्रकन वळले. झाडीतून सगळ्यांत शेवटी एक लहानसा चिंपांझी निघाला, चारेक वर्षांचा, कपाळाला आठ्या घातलेला. तो फळापाशी आला नाही. आधी त्याने कुंपण पाहिलं, मग आम्हाला एकेकाला पाहिलं, मग फळ उचलून त्याचा वास घेतला. दुसऱ्या चिंपांझीने त्यातलंच एक खाल्लेलं बघितलं आणि मगच दात लावले. जोसेफ काहीतरी म्हणाला, तेव्हा तो धापा टाकल्यासारखा खोल, जाड आवाजात हसला.

मला हसू फुटलं. मास्कच्या आत हसले, पण खांदे हलले असावेत. गजभियेजी हसत नव्हते. माचाच्या बाजूला चिंपांझींच्या फोटोंचा फलक होता. ते तिथे गेले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव वाचत राहिले.

“बाबा?”

मागून मितू आली होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडावर मास्क, हातात बादली. ती धावली नाही. बादली खाली ठेवली आणि उभी राहिली.

“माकडाले माह्यं नाव देलं?” गजभियेजी म्हणाले. “कारखान्यात चौतीस वर्षं लोक मांगून म्हणत होते. तू त्याइले इथी सांगितलं? अन् हे लोक ओरडून राहिले, अन् पाहणारे हसून राहिले.”

हसणाऱ्यांत मी होते. मी मान खाली घातली.

“चिम्पैंज़ी बंदर नहीं होता, बाबा,” मितू म्हणाली. मला वाटलं, ही आता मरणार. बापासारखीच, चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही.

त्यांनी खिशातून तिकीट काढलं. “सामान भर. परवाचं विमान आहे.”

“और नहीं आई तो?”

त्यांनी नुसतं तिकीट पुढे धरलं. पण ती त्यांची मुलगी होती, तिला उत्तर कळलं. तिने बादली उचलली. “शाम को आइए. एक बार देख लीजिए. फिर जो लिखना है लिखिए.”

संध्याकाळी चिंपांझी झोपायच्या खोल्यांत येतात. मजबूत जाळी, आत टांगलेल्या झोळ्या. जाळीपासून दोन हातांवर, जाळीकडे पाठ करून ठेवलेलं एक बाकडं होतं. बाकावर मितू, गजभियेजी आणि जोसेफ. मी दाराशी उभी. काहून आत आला. आल्याबरोबर त्याने आपल्या खोलीची कडी हाताने धरली आणि ओढली. मग पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही, मला मोजवलं नाही.

मितू समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती, तिच्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत. मी तिला इतकं मराठी बोलताना प्रथमच ऐकत होते.

“हा आला तेव्हा खोक्यात होता. हाताला तार रुतलेली. कोणी पाह्यलं तर दात विचके. काही खाये नाही. तर इथे असं करतात, बाबा, पाठ करून बसायचं. पाठ केली की त्याला कळतं, हा मला पकडायला नाही आला. मी अकरा दिवस बसली. आता अकरा दिवस काय बोलायचं? इंग्लिश त्याला येत नाही, इथली भाषा मला येत नाही. तर मग तुम्ही घरी जे बोलायचे तेच बोलत गेली. काहून रे? काहून नाही खाऊन राहिला? काहून नाही झोपला? बाराव्या दिवशी जाळीतून हात काढून माझे केस पाहायला लागला. नाव मी नाही ठेवलं. तो त्याच शब्दाला यायला लागला. फोनवर तो मध्ये आला की तुम्हाला राग येईल म्हणून मी फोन बंद करायची.”

गजभियेजी खिशातलं पितळी कडं चाचपत होते.

“तुम्ही दिवसात शंभर वेळा विचारायचे. मला राग यायचा. हिंदीत उत्तर दिलं की तुमचं तोंड लवकर बंद व्हायचं, म्हणून मी हिंदी बोलायची.” ती थांबली. “इथे आली तर कोणीच विचारत नव्हतं, बाबा. उशीर झाला तरी नाही. जेवली नाही तरी नाही.”

मग गजभियेजींनी जोसेफला त्यांच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, काहूनचा अर्थ काय?

जोसेफला प्रश्नाचंच नवल वाटलं. तुमच्या भाषेतला शब्द, तुम्हाला माहीत नाही? डॉक्टर केळं पुढे करायच्या आणि म्हणायच्या. म्हणजे ‘खा’. त्याने हाताने घास भरवल्याची खूणही केली.

मितू दुरुस्त करायला तोंड उघडणार तोच गजभियेजींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“करेक्ट,” ते जोसेफला म्हणाले. “करेक्ट, करेक्ट. खा.”

चौतीस वर्षांत त्यांनी चुकीचा नग पास केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग ते तसेच पाठ करून बसून राहिले. सोपं नव्हतं ते त्यांना. मान राहून राहून वळायला बघायची. “बाबा, वळू नका,” मितू हळूच म्हणायची, आणि ते दोन्ही हातांनी बाकाची कड धरायचे. मागे काहून जाळीपाशी आला. बराच वेळ त्यांच्या टकलाकडे पाहिलं. मग जाळीच्या भोकातून त्याने अर्धा खाल्लेला पेरू नेम धरून फेकला. तो त्यांच्या पाठीवर फट्कन बसला आणि पांढऱ्या सदऱ्यावर गर ओघळला.

ते वळले नाहीत.

“काहून रे,” ते समोरच्या भिंतीला म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला.

सकाळी आमची बस निघताना मितू पोचवायला आली. त्यांनी ते दुसरं तिकीट तिच्या हातात दिलं. “तारीख बदलून देतेत म्हणे. तुले यावं वाटन तवा ये.” कधी ते विचारलं नाही. बसमध्ये मी वाट बघत होते की आता विचारतील, खिडकीतून तरी विचारतील. विचारलं नाही. विमानात त्यांनी मला निळी फाइल वाचायला दिली आणि स्वतः झोपले. ‘पुरुष. आवाज जाड. हसतो.’ याच्यापुढे त्यांनी लाल पेनाने ‘पास’ लिहिलं होतं.

पुढच्या वर्षी माझी कोल्हापूरला सोय झाली आणि मी जबलपूर सोडलं. मितू तोवर एकदा येऊन गेली होती, पंधरा दिवस. माझ्यासाठी वाळवलेली चार पानं घेऊन. त्यांत एक खरंच आंब्याचं होतं.

निघायच्या दिवशी सामान गेलं, रिक्षा बाहेर उभी राहिली, मी निरोप घ्यायला खाली उतरले. गजभियेजी व्हरांड्यात होते. वेताची खुर्ची त्यांनी फिरवून घेतली होती, फाटकाकडे पाठ. समोर मोड्यावर फोन टेकवून ठेवलेला. पडद्यावर मितू होती, आणि तिच्या खांद्यामागच्या जाळीत एक आठ्या घातलेलं तोंड. ती म्हणत होती, “बाबा, आज काहून नाही जेवले?” मराठीत. ते उत्तर देत होते, लांबलचक, तपशीलवार, वरणात मीठ कमी होतं इथपासून.

मी हात जोडले. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता हात वर केला. मला थोडा रागच आला. सहा वर्षांचा निरोप असा? मी फाटक उघडलं. नेहमीसारखं ते कर्कश वाजलं. मी मागे बघितलं. ते वळले नाहीत. ऐकू कमी यायला लागलं की काय, अशी शंका आली. तेवढ्यात पाठ माझ्याकडेच ठेवून ते म्हणाले,

“मॅडम, कडी तुम्हीच लावून घ्या.”

मी बाहेर आले, कडी लावली, रिक्षाकडे दोन पावलं टाकली. परत फिरले, आणि काहून कोण जाणे, तीनदा ओढून पाहिली.